उस्तादांनी टेबलावर ठेवलेली खीळ

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या सागरगड मोटर क्लबचे संस्थापक, माननीय कोंडाजीराव ठाकूर. ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा बाजूला ठेवून इथे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती करमअली मुकादम, म्हणजे आपले सगळ्यांचे उस्ताद. त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेला, हा कार्यक्रम कधी संपतो याची वाट बघत बसलेल्या जैबुन्निसाचाची. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. म्हसळ्याहून पहाटे निघून आलेली मुकादम मंडळी आणि त्यांचे शेजारीपाजारी. थळहून आलेली माझी माणसं. चोंढीच्या गॅरेजमधले माझे सहकारी आणि किहीमकर ग्रामस्थहो, तुम्हा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या मृणालताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. माझा आजवरचा धंदा दिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात पोहोचण्याचा. आज मात्र मी जास्त वेळ घेणार आहे. मृणालताई, चिठ्ठी पाठवायची असेल तर जरूर पाठवा, मी ती वाचणार नाही.

ज्यांना मी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी पूनम भागोजी नाखवा. थळची. अकरा वर्षं मी शर्यतीच्या गाड्या चालवल्या आणि एक वर्ष सोडलं तर त्यातली प्रत्येक गाडी उस्तादांच्या हाताखालून गेलेली होती. माझ्या आधीच्या वक्त्यांनी उस्तादांच्या मस्कतमधल्या बारा वर्षांबद्दल सांगितलं, क्लबमधल्या बावीस वर्षांबद्दल सांगितलं, त्यांनी जिंकून दिलेल्या ढाली मोजल्या. ते सगळं खरं आहे. पण मघापासून मी एक गोष्ट बघतेय. मधल्या एका वर्षापाशी आलं की प्रत्येक वक्ता घसा साफ करतो आणि पुढे जातो. त्या वर्षी उस्ताद क्लबमध्ये नव्हते, एवढंच सगळ्यांना ठाऊक आहे. का नव्हते, हे ठाऊक असलेले या सभागृहात सहा-सात जण असतील. आणि ठाऊक नसताना बोलणारे बरेच.

मी आज त्याच वर्षाबद्दल बोलणार आहे. उस्ताद, माझ्याकडे असं बघू नका. मी परवानगी घेतली आहे. तुमची नाही, चाचींची. परवा फोनवर मी त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सांग, बेटी. सगळं सांग. सहा वर्षं झाली, म्हसळ्याच्या बाजारात बाया मला विचारतात, तुमच्या शोहरनी गॅरेजमधलं सामान विकलं म्हणून काढलं होतं ना? यांना म्हटलं लोकांना खरं सांगा, तर म्हणतात, आपल्याला ठाऊक आहे ना, बस."

तर आता ते बस झालं.

पण आधी थोडं मागून सुरुवात करते, नाहीतर उस्ताद म्हणजे काय प्रकरण आहे ते कळायचं नाही. मी एकवीस वर्षांची असताना पहिल्यांदा चोंढीला क्लबच्या गॅरेजात गेले ती बाबांच्या बोटीच्या इंजिनाचा एक भाग घेऊन. थळात कुणाला तो जमेना. उस्तादांनी तो उलटसुलट करून बघितला आणि मला विचारलं, "हा खोलला कुणी?" मी म्हटलं, "मी." "बसव मग." मी बसवला. चुकीचा बसला. त्यांनी तो परत खोलला, माझ्या हातात दिला आणि स्वतः नमाजला निघून गेले. ते परत येईपर्यंत तो नीट बसला होता. त्यांनी शाबासकी वगैरे काही दिली नाही. म्हणाले, "उद्या सकाळी आठला ये." पुढचे तीन महिने मी फक्त कानस चालवत होते. शर्यतीच्या गाडीत बसायचं नाव काढलं की म्हणायचे, "आधी लोखंड काय बोलतं ते ऐकायला शीक."

पुढे गाडीत बसले. आणि लोखंड काय काय बोलतं तेही ऐकलं. आपल्याला वाटत असेल, शर्यतीची गाडी म्हणजे एवढी काळजी घेतलेली वस्तू, ती कशाला बिघडेल? मंडळी, घरच्या गाडीपेक्षा ती जास्त बिघडते. तिच्यातला प्रत्येक भाग हलका केलेला असतो आणि प्रत्येक भागाकडून त्याच्या ताकदीच्या काठापर्यंत काम करून घेतलेलं असतं. आणि ती बिघडते तेव्हा आधी सांगत नाही. माझ्या दुसऱ्याच शर्यतीत गिअरचा दांडा मुळापासून सुटून माझ्या हातात आला. तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेल्या गाडीने मी चार फेऱ्या पूर्ण केल्या. दांडा मांडीवर ठेवला होता, दुसरं काय करणार? शेवटून दुसरी आले. वाटलं, उस्ताद आता काहीतरी धीराचं बोलतील. त्यांनी दांडा हातात घेतला आणि म्हणाले, "बरं झालं, पाडून नाही आलीस."

हसा, हसा. आम्हीही हसलो होतो. पण प्रत्येक वेळी हसण्यावारी जात नाही.

सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर हंगामातली शेवटची शर्यत होती. आमच्या क्लबचे सातजण गेले होते. त्यात आपला सदा होता, रेवदंड्याचा. तिसऱ्या रांगेत बसलाय तो. सदा मार्शल म्हणून गेला होता. मार्शल म्हणजे वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस, पुढे धोका असला तर गाड्यांना इशारा देणारा. स्वयंसेवकाचं काम. उन्हात दिवसभर उभं राहायचं आणि मिळायचं काय, तर एक टोपी.

माझी गाडी एका माणसाची, उघड्या चाकांची. नवव्या फेरीला मी दुसरी होते. सरळ पट्टा संपला, वेग होता ताशी एकशे सत्तरच्या आसपास. शंभर मीटरची पाटी आली, तिथे मी नेहमी ब्रेक मारायचे. मी पाय टाकला.

आणि पायाखाली काहीच नव्हतं.

जिन्याची आणखी एक पायरी आहे समजून आपण पाऊल टाकतो आणि पायरी नसते, तेव्हा पाऊल कसं खाली जातच राहतं? तसं झालं. पेडल विनातक्रार तळापर्यंत गेलं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. एक गिअर खाली आणला तेवढ्यात टायरची भिंत समोर आली. या सगळ्याला अडीच सेकंद लागले असतील. गाडी नाकावर भिंतीत घुसली. मला बरगडीला मार आणि मनगट मोडलं, एवढंच. पण भिंतीतला एक टायर सुटून मागे उडाला आणि तिथे सदा उभा होता. त्याचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. मी पट्टे सोडवून बाहेर आले तेव्हा तो जमिनीवर पडला होता आणि तशातही मागच्या गाड्यांना थांबवायला हातातला झेंडा हलवत होता.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळी गोम इथे आहे. शर्यतीच्या गाडीत एक छोटी डबी असते. ती सगळं नोंदवून ठेवते. वेग किती, इंजिन किती फिरतंय, ब्रेकच्या नळीत दाब किती. चौकशी समितीने ती डबी तपासली. त्यात दिसलं की मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, एक गिअर खाली आणला, आणि ब्रेकचा दाब शून्य. शेवटपर्यंत शून्य. गाडीचा पुढचा भाग तर चुरगळलेल्या डब्यासारखा झाला होता, त्यात आधी काय तुटलं आणि धडकेने काय तुटलं हे कुणाला कळणार? समितीने दोन महिन्यांनी अहवाल दिला. गाडीत दोष आढळला नाही. चालक घाबरून गोठली, तिने ब्रेक दाबलाच नाही. परवाना एक वर्ष निलंबित.

मी म्हणत होते, मी ब्रेक दाबला. पहिला महिना मी ते ओरडून सांगत होते. दुसऱ्या महिन्यात नुसतं सांगत होते. चौथ्या महिन्यात मी ते सांगायचं सोडून दिलं, कारण माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. आपण म्हणाल, स्वतःचा पाय स्वतःला कळत नाही? नाही कळत. यंत्र म्हणतं शून्य, तीन जाणती माणसं म्हणतात शून्य, आणि एका माणसाचा पाय मोडलाय. मग रोज सकाळी उठून वाटायला लागतं, पाय हलला होता असं मला नुसतं वाटलं असेल. मी घरची स्कूटरही चालवेना. थळच्या बाजारात चालत जायचे. सदाला भेटायला दोनदा रेवदंड्यापर्यंत गेले आणि त्याच्या दारावरून परत आले.

बाबा समोरच बसलेत, त्यांच्यादेखत सांगते. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की ब्रेक दाबला होतास का. फक्त एकदा जाळं विणता विणता म्हणाले, "तू बोलतेस दाबला, तं दाबला. माज्यासाटी इषय संपला." माझ्यासाठी संपला नव्हता.

गणपती झाले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा असेल. सकाळी दहाच्या सुमाराला उस्ताद आमच्या घरी आले. गाडीचा सांगाडा अहवालानंतर क्लबने त्यांच्या म्हसळ्याच्या शेडमध्ये पाठवला होता, भंगारात जायच्या आधी काही कामाचं निघतंय का बघायला. उस्ताद म्हसळ्याहून एसटीने आले होते, दोन गाड्या बदलून. आमच्या ओटीवर ते उभेच राहिले. चप्पल काढली, पण बसेनात.

बाबा म्हणाले, "काय झाला, उस्ताद? बसा तं आदी. पानी घ्या, मंग बोला."

"पाणी नंतर," उस्ताद म्हणाले. "भागोजीशेठ, मी पूनमशी बोलायला आलोय. तुमच्यासमोरच बोलतो."

त्यांनी खिशातून औषधाची एक रिकामी बाटली काढली. तिच्यातून दोन वस्तू हातावर घेतल्या. एक करंगळीएवढी लोखंडी खीळ, आणि एक तारेचा तुकडा.

ही खीळ म्हणजे ब्रेकचं पेडल आणि त्याच्यापुढचा दांडा यांना जोडणारी. ती बाहेर सरकू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात एक स्प्लिट पिन घालतात. बायकांच्या केसांतल्या आकड्यासारखी असते, दोन पायांची. भोकातून घालायची आणि पाय वाकवायचे. बस, एवढीशी वस्तू. ती एकदाच वापरायची असते. काढली की टाकून द्यायची आणि नवी घालायची, कारण वाकवून सरळ केलेलं लोखंड पुन्हा वाकवलं की तुटतं.

उस्ताद म्हणाले, "ही खीळ मला गाडीच्या तळाच्या पत्र्याच्या घडीत सापडली. बघ, सरळ आहे. ओरखडासुद्धा नाही. टक्कर झाली तेव्हा ही जागेवर असती तर वाकली असती, दांड्याचं भोक फाटलं असतं. भोक गोल आहे. म्हणजे टक्कर व्हायच्या आधी ही निघून पडली होती. बेटा, तू ब्रेक दाबला होतास. पण तुझं पेडल कशालाही जोडलेलं नव्हतं."

मी खाली बसले. मंडळी, मला काय वाटलं ते खरं सांगते. मला एवढं हलकं वाटलं की मी हसायला लागले. रडतही होते आणि हसतही होते. आठ महिने छातीवर कुणीतरी बसलं होतं, ते उठून गेलं.

मग बाबांनी विचारलं, "आनि ही निंगाली कशी?"

उस्तादांनी तारेचा तुकडा पुढे केला. "ही त्या पिनेचा एक पाय. जुनी पिन होती. वाकवलेली मी सरळ करून परत घातली. शर्यतीच्या आदल्या दिवशी. नव्या पिनांचा पुडा टेम्पोत होता, टेम्पो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. म्हटलं, आजच्या तपासणीपुरती चालेल, संध्याकाळी नवी घालू. संध्याकाळी विसरलो. गलती माझी आहे. समितीची नाही, गाडीची नाही, तुझी तर नाहीच. माझी."

बाबा उभे राहिले. माझे बाबा रागावले की आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. ते म्हणाले, "उस्ताद, माजी पोर आट महिनं मेल्यावानी फिरत होती. आनि ह्यो सदाचा पाय."

"हो," उस्ताद म्हणाले.

"हितं बोललात. तितं बोलाल?"

"तिथेही बोलणार. समितीला पत्र टाकलंय, पुढच्या महिन्यात वेळ दिलाय. पण आधी हिला कळायला पाहिजे होतं. पत्रातून नाही."

आता मी काय केलं असेल? मी म्हटलं, "उस्ताद, नका जाऊ." अगदी मनापासून म्हटलं. माझं निलंबन फेब्रुवारीत संपणारच होतं. सदा कुबड्या घेऊन का होईना, चालायला लागला होता. मला खरं कळलं होतं, तेवढं पुरे होतं. यांचं सगळं आयुष्य या एका नावावर उभं. मस्कतपासून चोंढीपर्यंत लोक डोळे झाकून गाडीत बसायचे, का तर उस्तादांनी बघितलीय म्हणून. मी म्हटलं, "गप्प राहा. माझं निलंबन काय, चार महिन्यांत संपेल."

त्यांनी मला एवढंच विचारलं, "निलंबन संपेल गं. पण तू ब्रेक दाबला नाहीस असं लोक म्हणतात, ते कधी संपेल?"

मग ते बसले. बाबांनी स्वतःच्या हाताने त्यांना पाणी दिलं. आईने आंबोळ्या केल्या होत्या, त्या ते नको नको म्हणत दोन खाऊन गेले.

तिथून ते तडक रेवदंड्याला गेले, सदाकडे. तिथे काय झालं ते मला सदाने सांगितलं. सदा, सांगू ना? सदाने सगळं ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी तो उस्तादांशी एक शब्द बोलला नाही. पुढेही वर्षभर बोलला नाही. त्यात त्याचं काय चुकलं? पाय त्याचा होता. मात्र मला त्याने फोन केला. म्हणाला, "पूनम, आठ महिने मी तुला रोज शिव्या घातल्या मनात. आता त्या मागं कशा घ्यायच्या, मला कळत नाही." मी म्हटलं, "राहू दे, एखादी पुढं कामाला येईल."

नोव्हेंबरात आम्ही समितीपुढे गेलो. कोंडाजीराव, मी आणि उस्ताद. समोर समितीचे तीन सदस्य होते, लांबलचक टेबल, पंखा कुरकुरत होता. उस्तादांनी खीळ आणि पिनेचा तुकडा टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पाच मिनिटांत. समितीच्या लोकांना खरं वाटेना. त्यातल्या एकाने विचारलं, "तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? चालकाच्या घरच्यांनी?" उस्ताद म्हणाले, "साहेब, दबाव आणून कुणी सहा महिने भंगार चाळत बसेल का?" त्यांनी त्या वस्तू तपासायला पाठवायचं ठरवलं. मग दुसऱ्या सदस्याने विचारलं, "एवढ्या अनुभवी माणसाने जुनी पिन वापरली. घाई कशाची होती?"

उस्ताद म्हणाले, "घाई माझी होती."

मंडळी, इथे मी थोडी थांबते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तपासणीच्या रांगेत आमच्यापुढे दोनच गाड्या उरल्या होत्या. पेडल मला एक बोट जवळ हवं होतं. ते मी ऐन वेळी सांगितलं. उस्तादांनी खीळ काढली, पेडल जवळ घेतलं आणि म्हणाले, "पिन नवी आणतो टेम्पोतून." तेव्हा मी म्हटलं, "उस्ताद, जाऊ दे ना, नंबर जाईल. चला लवकर." हे माझे शब्द. मला ते आमच्या ओटीवर आठवले नव्हते. तिथे, त्या टेबलापुढे, "घाई माझी होती" हे त्यांच्या तोंडून ऐकलं आणि आठवले. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी ते सांगितलं नाही. आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून होते, मीही सांगितलं नाही. माझा परवाना परत मिळत होता ना.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?" ते म्हणाले, "चालक घाई करणारच. मेकॅनिकने ऐकायचं नसतं. तू कानाला हेल्मेट लावून बसतेस, मी उघड्या कानांनी उभा असतो."

तपासणीत सगळं खरं ठरलं. माझा परवाना मोकळा झाला. नव्या अहवालात स्वच्छ लिहिलं गेलं की चालकाने ब्रेक दाबला होता. उस्तादांना एक वर्ष कुठल्याही ट्रॅकवर काम करायला मनाई झाली. ते दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी चोंढीलाच ठेवून म्हसळ्याला गेले. तर हे ते वर्ष. सामान विकलं नव्हतं, कुणी काढलं नव्हतं. एका माणसाने कुणी विचारलेलं नसताना स्वतःची चूक शोधून काढली आणि टेबलावर ठेवली, म्हणून ते वर्ष.

क्लबमध्ये तेव्हा बैठक झाली. त्यांना परत घ्यायचं की नाही यावर निम्मी माणसं नाही म्हणत होती, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. कोंडाजीरावांनी त्या वेळी एकच प्रश्न विचारला, तो मला अजून आठवतो. "यापुढे आपल्या गाडीत काही चुकलं, तर आपल्याला खरं सांगेल याची खात्री असलेला दुसरा माणूस कुणाला ठाऊक आहे का?" कुणी हात वर केला नाही. अध्यक्षमहाराज, तो ठराव तुम्ही असा पास करून घेतलात.

त्या मधल्या वर्षात मी शर्यतीत उतरले. गाडी दुसऱ्या मेकॅनिकने बांधलेली, उत्तम बांधलेली. पण मी प्रत्येक वळणावर साठ-साठ मीटर आधी ब्रेक मारत होते. शेवटची आले. एकदा नाही, पाच वेळा. लोक म्हणायला लागले, पूनम संपली. मलाही तसंच वाटत होतं.

मग पुढच्या नोव्हेंबरात उस्ताद परत आले. शर्यतीच्या सकाळी त्यांनी मला गाडीपाशी बोलावलं. हातात नवी स्प्लिट पिन दिली, पक्कड दिली. म्हणाले, "आज तू लाव. मी बघतो." मी गुडघ्यावर बसून पिन घातली, पाय वाकवले. त्यांनी बॅटरी मारून बघितलं, बोट फिरवून बघितलं. मग कागदावर मी सही केली आणि त्यांनी केली. चोंढीच्या गॅरेजात तेव्हापासून हाच नियम आहे. एकाने लावायचं, दुसऱ्याने बघायचं, दोघांनी सही करायची. मग रांग कितीही मोठी असो आणि चालक कितीही बोंबलो.

त्या दिवशी सरळ पट्टा संपला, शंभर मीटरची पाटी आली आणि मी पाय टाकला. पेडल दगडासारखं उभं राहिलं. पट्ट्यांनी खांदे आवळले, गाडीने नाक खाली घातलं आणि ती वळली. हेल्मेटच्या आत मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. त्या दिवशी मी चौथी आले. मला पहिली आल्याच्या कुठल्याच दिवशी एवढं बरं वाटलेलं नाही.

आणि शर्यत संपल्यावर कोण आलं, तर सदा. किंचित लंगडत, मार्शलची टोपी घालून. तो पुन्हा झेंडा घेऊन उभा राहायला लागला होता. तो उस्तादांपुढे येऊन उभा राहिला. मग सदा म्हणाला, "उस्ताद, चहा घ्याल का?" उस्ताद म्हणाले, "साखर कमी." एवढंच. आज या सभागृहातल्या खुर्च्या कुणी मांडल्या, ठाऊक आहे? सदाने. सकाळी सातपासून.

आता आटोपतं घेते, कारण मृणालताईंची तिसरी चिठ्ठी आली आहे.

उस्ताद उद्या म्हसळ्याला जातील, कायमचे. चाचींनी अंगणात भेंडी-वांग्यांचे वाफे तयार करून ठेवलेत म्हणे. म्हसळ्याहून आलेल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. बाजारात पुन्हा कुणी चाचींना तो प्रश्न विचारला, तर उत्तर त्यांना द्यायला लावू नका. तुम्ही द्या. आज तुम्ही ते ऐकलं आहे.

क्लबचे, हे सभागृह देणाऱ्या ग्रामस्थांचे, दुपारच्या जेवणाची जबाबदारी घेतलेल्या किहीमच्या भगिनींचे आणि एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान कमीजास्त झाला असेल, तर ते आपण मोठ्या मनाने सांभाळून घ्यालच. तेवढी माफी मी सभागृहाकडे मागते. पण एक माफी मला फक्त व्यासपीठावरच्या दोन माणसांकडे मागायची आहे. त्या टेबलापुढे मी गप्प बसले आणि त्यानंतर सहा वर्षं गप्प बसले. म्हसळ्यात काय बोललं जातंय ते माझ्या कानावर येत होतं. मी ढाली घेत होते, फोटो काढून घेत होते, आणि गप्प होते.

उस्ताद, चाची, घाई माझी होती. मला माफ करा.